साडेआठचा पाऊस : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

कोकणातल्या अनेक शाळा, ग्रामपंचायती आणि बागायतदार आपल्या आवारात पाऊस आणि तापमान मोजतात. या छोट्या केंद्रांच्या नोंदींबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच विषयावरची पत्रे एकत्र केली आहेत.

प्रश्न : पाऊस रात्री दहाला पडला आणि आम्ही सकाळी साडेआठला मोजला, तर तारीख कोणती लिहायची? आमच्या शाळेच्या वहीत काही वर्षे आदल्या दिवसाची तारीख आहे, काही वर्षे त्याच दिवसाची. (देवगड)

ज्या सकाळी मोजला, त्या सकाळची तारीख. भारत हवामानशास्त्र विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. १२ जुलैच्या रकान्यातला पाऊस म्हणजे ११ जुलैच्या सकाळी साडेआठपासून १२ जुलैच्या सकाळी साडेआठपर्यंतचा पाऊस. तो बहुतेक ११ तारखेलाच पडलेला असतो, म्हणून हात आपोआप आदल्या तारखेकडे जातो. मुंबईतला जो पाऊस सगळे ‘२६ जुलै’ म्हणून ओळखतात, तो सांताक्रूझचा ९४४.२ मिमीचा आकडा २७ जुलै २००५ च्या सकाळी साडेआठला संपलेल्या चोवीस तासांचा आहे.

जुन्या वहीत दोन्ही पद्धती मिसळल्या असतील तर आकडे खोडू नका. जवळच्या सरकारी केंद्राची त्या वर्षांची दैनिक नोंद मिळवा आणि मोठ्या पावसाचे आठ-दहा दिवस शेजारी ठेवून पाहा. तुमचे मोठे आकडे सतत एक दिवस आधी दिसत असतील, तर ते वर्ष आदल्या तारखेने लिहिलेले आहे. समासात तसे नमूद करा आणि दुरुस्त तारखांची वेगळी प्रत तयार करा. ऋतूच्या बेरजेत याने फारसा फरक पडत नाही. ३० जून आणि १ जुलै अशा सांध्यावर मात्र एका दिवसात शंभर-दीडशे मिलिमीटर या महिन्यातून त्या महिन्यात जातात.

प्रश्न : पर्जन्यमापक कोणता घ्यावा? बाजारात १०० आणि २०० चौरस सेंटीमीटरचे मिळतात, शाळेत जुना पाच इंची आहे. मोजपात्र फुटल्यावर दुसरे आणले, तेव्हापासून आकडे कमी येतात असे वाटते. (गुहागर)

तुमचा संशय बहुधा खरा आहे. मोजपात्रावरच्या खुणा मिलिमीटरच्या असल्या तरी ते पात्र एका ठरावीक तोंडाच्या मापकासाठीच बनवलेले असते. २०० चौरस सेंमी तोंडाच्या मापकात १ मिमी पाऊस म्हणजे २० मिलिलिटर पाणी. १०० चौरस सेंमीच्या मापकात तेच १० मिलिलिटर. जुन्या पाच इंची, म्हणजे १२७ मिमी व्यासाच्या मापकात ते सुमारे १२.७ मिलिलिटर भरते. पाच इंची मापकाला २०० चौरस सेंमीचे पात्र लावले की १०० मिमी पाऊस ६३ दिसतो. १०० चौरस सेंमीच्या मापकाला पाच इंचीचे पात्र लावले की १०० चे ७९ होतात. ही दुसरी चूक जास्त वाईट, कारण आकडा पटण्यासारखा असतो आणि कोणाला शंका येत नाही.

तपासणी सोपी आहे. किराणा दुकानात असतो तसा डिजिटल वजनकाटा घ्या. मोजपात्रात १० मिमीच्या खुणेपर्यंत पाणी भरा आणि रिकाम्या पात्राचे वजन वजा करा. पाण्याचे वजन २०० ग्रॅम भरले तर ते २०० चौरस सेंमीचे पात्र, १०० ग्रॅम भरले तर १०० चे, १२७ ग्रॅमच्या आसपास भरले तर पाच इंचीचे. चुकीचे पात्र कोणत्या तारखेपासून वापरात आहे हे नक्की माहीत असेल, तर त्या काळाचे आकडे गुणोत्तराने सुधारता येतात. खरेदीची पावती शोधा.

नवा संच घेताना तोंडापेक्षा बाटलीकडे आधी पाहा. या मापकांना २, ४ आणि १० लिटरच्या बाटल्या येतात. २०० चौरस सेंमी तोंडाला ४ लिटरची बाटली २०० मिमीवर भरते. कोकणात २०४.५ मिमी आणि त्यावरचा ‘अत्यंत मुसळधार’ पाऊस हा दरवर्षीचा पाहुणा आहे, म्हणजे नेमका महत्त्वाच्या दिवशी मापक वाहणार. १० लिटरची बाटली ५०० मिमीपर्यंत पुरते. १०० चौरस सेंमी तोंडाला तीच बाटली १००० मिमीपर्यंत जाते. आमची पसंती २०० चौरस सेंमी आणि १० लिटर या जोडीला आहे. मोठ्या तोंडामुळे हलक्या सरी चांगल्या मोजल्या जातात, आणि झोडपणाऱ्या दिवशी संध्याकाळी एकदा मधेच मोजून वेळेसह लिहून ठेवता येते. सकाळी दोन्ही आकड्यांची बेरीज करायची. बाटली मोठी घेतली की तळाचा डबाही मोठा लागतो, म्हणून संच एकत्रच मागवा.

बाटली भरून वाहिली तरी पाणी तळाच्या डब्यात साठते. ते फेकू नका, तेही मोजा.

प्रश्न : आमचा सडा पूर्ण कातळाचा. मापक कुठे आणि कसा बसवावा? वारा प्रचंड आहे. (राजापूर)

मापकाची कड जमिनीपासून बरोबर ३० सेंमी उंच आणि पूर्ण सपाट असली पाहिजे. नेहमीच्या जमिनीत ६० सेंमी लांब, रुंद आणि खोल चौथरा जमिनीत घालून त्यात तळ बसवतात. कातळात तेवढे खोदणे परवडत नसेल, तर मापकाचा तळ हलणार नाही एवढा खड्डा पाडून सिमेंटने पक्का करा. खोली थोडी कमी झाली तरी चालेल, कडेची उंची मात्र बदलू नका. पाणसळ कडेवर दोन दिशांनी ठेवून पाहा आणि दर मे महिन्याच्या अखेरीस पुन्हा तपासा.

कातळावरची खरी अडचण शिंतोड्यांची आहे. उघड्या दगडावर आपटलेला थेंब उसळतो आणि वरचा आकडा फुगवतो. मापकाभोवती निदान दीड-दोन मीटर माती टाकून गवत येऊ द्या आणि ते कापून आखूड ठेवा. गवत तगत नसेल तर खडी पसरा. सिमेंटचा कोबा, फरशी किंवा चिऱ्याची फरसबंदी अजिबात नको.

वारा याच्या उलट काम करतो. मापकाच्या तोंडावरून जोराचा वारा गेला की बारीक थेंब आत न पडता पुढे उडून जातात आणि पाऊस कमी भरतो. सड्यावर जूनच्या वाऱ्यात ही तूट लक्षात येण्याइतकी असते. यावर जुना आणि चांगला उपाय म्हणजे मातीचा गोल बांध. मापक मध्यभागी ठेवून ३ मीटर आतल्या व्यासाचा बांध घाला, त्याचा माथा मापकाच्या कडेच्या पातळीत, म्हणजे ३० सेंमी ठेवा. आतली बाजू उभी आणि बाहेरची बाजू हळूहळू उतरती करा. तळाशी पाणी जायला पाइप हवाच, नाहीतर पहिल्याच मोठ्या पावसात मापक डबक्यात उभा राहील.

झाडे आणि इमारती यांच्याबाबत नियम असा : अडथळा मापकाच्या कडेपेक्षा जितका उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर मापक ठेवा. चौपट अंतर मिळाले तर फार चांगले. १५ मीटरच्या माडापासून ३० मीटर दूर राहायला हवे. वाड्यांतल्या बऱ्याच मापकांची अडचण इथेच असते. मापक बसवला तेव्हा कलम कमरेएवढे होते, आज ते कौलांच्या वर गेले आहे, आणि आकडा दरवर्षी थोडा थोडा घटतो आहे. कोणी काही हलवलेले नसते, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. दरवर्षी ३१ मेला मापकाजवळ उभे राहून चारही दिशांचे फोटो काढा आणि वहीसोबत जपा.

प्रश्न : २०२५ मध्ये मे महिन्यातच मोसमी पाऊस आला. तो पावसाळ्याच्या बेरजेत धरायचा की उन्हाळ्याच्या? आमच्या गटात यावर एकमत होत नाही. (दापोली)

मेच्या बेरजेत. हवामान विभागाचे ऋतू पंचांगाप्रमाणे किंवा आगमनाप्रमाणे सरकत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारी हिवाळा, मार्च ते मे मोसमी पावसाआधीचा काळ, जून ते सप्टेंबर नैर्ऋत्य मोसमी पाऊस आणि ऑक्टोबर ते डिसेंबर त्यानंतरचा काळ. २०२५ मध्ये मोसमी वारे केरळात २४ मेला आणि मुंबईत २६ मेला पोहोचल्याचे जाहीर झाले. मुंबईची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे. तरीही त्या मेच्या अखेरचा पाऊस आकडेवारीत मोसमी पावसाआधीच्या खात्यातच आहे.

यावर आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणेही समजण्यासारखे आहे. भाताच्या रोपांना तारखेशी देणेघेणे नसते. पण आगमनाप्रमाणे बेरीज सुरू केली, तर एका वर्षी ऋतू १२८ दिवसांचा होतो आणि दुसऱ्या वर्षी ११२ दिवसांचा. अशा दोन बेरजा शेजारी ठेवून कोणते वर्ष ओले होते हे सांगता येत नाही. १ जून ते ३० सप्टेंबर हे नेहमीच १२२ दिवस असतात. म्हणून मुख्य बेरीज तीच ठेवा आणि खाली दोन ओळी जोडा : आगमनापासूनचा पाऊस आणि वर्षाचा एकूण पाऊस. दैनिक आकडे शाबूत असतील तर तिन्ही बेरजा कधीही काढता येतात.

प्रश्न : नक्षत्राप्रमाणे पाऊस लिहायची आमच्याकडे पद्धत आहे. ती सोडून द्यावी का? (लांजा)

सोडू नका. मृगात किती, आर्द्रेत किती हे कोकणातला शेतकरी लगेच समजतो, आणि पेरणी-लावणीचा त्याचा हिशेब त्यावरच बसलेला आहे. फक्त नक्षत्राची बेरीज दैनिक नोंदीतून काढा, दैनिक नोंदीऐवजी ती लिहू नका. सूर्य मृगात साधारण ७-८ जूनला आणि आर्द्रेत २१-२२ जूनला जातो. तारीख वर्षागणिक एखाद्या दिवसाने मागेपुढे होते. पंचांगात जी तारीख असेल, तिच्या दुसऱ्या दिवशीच्या सकाळच्या मोजणीपासून नवे नक्षत्र धरा आणि हा नियम दरवर्षी तोच ठेवा. पंचांगातल्या नक्षत्राच्या वाहनाचा रकाना हवा तर राहू द्या.

कृषी विद्यापीठाच्या आकड्यांशी तुलना करायची असेल, तर हवामान आठवडे वापरा. वर्षाचे ५२ आठवडे ठरलेल्या तारखांचे असतात. २३ वा आठवडा ४ ते १० जून आणि ३९ वा २४ ते ३० सप्टेंबर. लीप वर्षात ९ वा आठवडा आठ दिवसांचा असतो, आणि ५२ वा तर नेहमीच आठ दिवसांचा.

प्रश्न : शाळेला मिळालेले स्वयंचलित केंद्र हाताच्या मापकापेक्षा कमी पाऊस दाखवते. जुलैत तर एके दिवशी निम्माच. कोणते खरे मानायचे? (अलिबाग)

आधी वेळ तपासा. बरीच यंत्रे ‘आजचा पाऊस’ मध्यरात्री ते मध्यरात्री मोजतात, काही ग्रीनिच वेळ धरतात. ग्रीनिचचे पहाटेचे तीन म्हणजे आपले सकाळचे साडेआठ. यंत्रातून तासातासाचे किंवा पंधरा-पंधरा मिनिटांचे आकडे उतरवून घ्या आणि साडेआठ ते साडेआठ अशी बेरीज स्वतः करा. निम्म्या पावसाचे कोडे बहुतेक वेळा इथेच सुटते.

त्यानंतर आतली यंत्रणा. बहुतेक स्वयंचलित मापकांत दोन कप्प्यांची छोटी पन्हळ असते. एक कप्पा ०.२ किंवा ०.५ मिमी पावसाने भरला की पन्हळ कलते, एक मोजणी होते आणि दुसरा कप्पा भरू लागतो. कलण्याच्या क्षणात पडणारे पाणी नीट मोजले जात नाही. रिमझिम पावसात हे नगण्य असते. ताशी १०० मिमीच्या सरीत मात्र ०.२ मिमीची पन्हळ दर सात सेकंदांनी कलते आणि पाऊस काही टक्के कमी भरतो. तेव्हा कोकणातल्या मोठ्या दिवशी हाताच्या मापकाचा आकडाच मुख्य धरा. यंत्राचा उपयोग पाऊस कोणत्या तासात पडला हे कळण्यासाठी आहे, आणि ती माहिती हाताचे मापक देऊ शकत नाही.

फरक दहा टक्क्यांच्या वर जात असेल तर नरसाळे उघडा. सुकलेली पाने, शेवाळ, कोळ्याचे जाळे, मुंग्यांचे वारूळ, कधी पाल. नरसाळे तुंबले की पाऊस नाहीसा होत नाही, तो थेंबाथेंबाने पुढच्या दिवशी उतरतो. कोरड्या दुपारी यंत्राने तासन्‌तास ०.२, ०.२ दाखवले तर हेच झाले आहे. जून ते सप्टेंबर दर आठवड्याला नरसाळे आणि जाळी धुवा. पन्हळ मऊ ब्रशने साफ करा, तेल घालू नका.

वर्षातून एकदा मेमध्ये चाचणी घ्या. अर्धा लिटर पाणी मोजून घ्या, प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुचाला बारीक भोक पाडा आणि ते पाणी नरसाळ्यात तासाभरात ठिबकेल असे ठेवा. तोंड २०० चौरस सेंमीचे असेल तर हे २५ मिमी झाले, म्हणजे ०.२ च्या पन्हळीने १२५ वेळा कलले पाहिजे. तोंड वेगळे असेल तर मिलिलिटरमधल्या पाण्याला तोंडाच्या चौरस सेंमी क्षेत्रफळाने भागून दहाने गुणा. आकडा १२० ते १३० मध्ये आला तर ठीक. बाहेर गेला तर आधी यंत्राची पाणसळ पाहा, कारण एका बाजूला झुकलेल्या यंत्रात दोन कप्पे सारखे भरत नाहीत. बाजूचे स्क्रू फिरवून पन्हळीचे माप बदलण्याचे काम पुरवठादाराच्या माणसाकडून करून घ्यावे.

आणखी एक गोष्ट. जुलैत सलग ढग असले की सौरपट्टीवरची बॅटरी बसते. बंद पडलेले यंत्र काही वेळा ० लिहिते. दोन शेजारच्या केंद्रांवर ८० मिमी असताना तुमच्याकडे शून्य असेल, तर तो शून्य नव्हे, ती रिकामी जागा आहे.

प्रश्न : गणपतीत तीन दिवस मोजणी चुकली. चौथ्या दिवशी एकत्र १८६ मिमी मिळाले. प्रत्येक दिवसाला ६२ लिहिले तर चालेल का? (मुरूड)

नाही. तीन रकाने रिकामे ठेवा, चौथ्या दिवशी १८६ लिहा आणि चारही दिवस कंसात धरून ‘चार दिवसांचा एकत्रित’ अशी टीप द्या. महिन्याची बेरीज अशाने बरोबर राहते. १८६ ला तिनाने भागणे तर हिशेबानेही चूक, कारण ते पाणी चार दिवसांचे आहे. आणि चाराने भागून लिहिले तरी नसलेले पावसाचे दिवस निर्माण होतात. २.५ मिमी किंवा जास्त पाऊस झाला तर तो ‘पावसाचा दिवस’ धरतात. कदाचित सगळा पाऊस एका रात्रीत पडला असेल. त्या रात्रीची ११५.६ मिमीवरची ‘अतिमुसळधार’ नोंद तुमच्या भागाकाराने पुसली जाते.

पाऊस झालाच नाही तर ०, मापक भिजले पण ०.१ मिमीही भरले नाही तर ‘किंचित’, मोजलेच नाही तर आडवी रेघ. या तीन खुणा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. सणासुदीला मोजणी कोण करणार हे आधीच ठरवा, आणि त्या माणसाला एकदा मोजपात्र हातात देऊन शिकवा : पात्र सपाट जागी ठेवायचे, डोळा पाण्याच्या पातळीत आणायचा, पाण्याच्या वाकलेल्या पृष्ठभागाचा खालचा बिंदू वाचायचा.

प्रश्न : किनाऱ्यालगतच्या आमच्या केंद्रात ओल्या तापमापकाची आर्द्रता फार जास्त येते, मार्चच्या कोरड्या दुपारीसुद्धा. कमाल तापमान कोणत्या दिवसाचे लिहावे तेही सांगा. (वेंगुर्ले)

ओल्या तापमापकाच्या गोळ्यावर गुंडाळलेली मलमल पाहा. समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याबरोबर मीठ येते आणि कापडात साठते. खारट कापडातून पाणी हळू उडते, गोळा पुरेसा थंड होत नाही, ओल्या आणि कोरड्या तापमापकांतला फरक कमी दिसतो आणि आर्द्रता फुगते. विहिरीचे किंवा नळाचे पाणी घातले तरी हेच होते. उर्ध्वपातित पाणीच वापरा, गाडीच्या बॅटरीसाठी मिळते ते चालते. मलमल आणि वात आठवड्याला बदला, वादळी वाऱ्यानंतर त्याच दिवशी बदला. नवी मलमल आधी धुऊन खळ काढून टाका. कापड गोळ्यावर एकेरी आणि घट्ट बसले पाहिजे.

जाळीदार पांढऱ्या पेटीत तापमापकांचे गोळे जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर उंचीवर हवेत, आणि पेटीचे दार उत्तरेला. कोकणात याला एक पुरवणी आहे. मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळी साडेआठला तो पूर्वेच्या किंचित उत्तरेला येतो. त्या काळात दार उघडताना आपली सावली तापमापकांवर पडेल असे उभे राहा आणि पटकन वाचा. आधी अंशाचा दशांश, मग पूर्ण अंश. श्वासाच्या उबेने पहिला बदलतो तो दशांशच. किमान तापमापकात आतल्या दांडीचे गोळ्यापासून दूरचे टोक वाचायचे असते.

दिवसातून एकदाच, सकाळी साडेआठला वाचत असाल, तर कमाल आकडा आदल्या दुपारचा आहे. तो आदल्या दिवसाच्या रकान्यात लिहा. किमान आकडा त्याच सकाळचा. पाऊस आणि कमाल तापमान यांची तारीख वेगवेगळी पडते, म्हणून दोन्ही नियम वहीच्या वेष्टणावर मोठ्या अक्षरांत लिहा. वाचून झाल्यावर कमाल तापमापक झटकून आणि किमान तापमापक तिरपा करून पुन्हा लावा. त्यानंतर दोन्ही कोरड्या तापमापकाच्या अगदी जवळ आले पाहिजेत. किमान तापमापक सतत एक-दोन अंश कमी दाखवत असेल, तर आतल्या अल्कोहोलचा स्तंभ तुटून थोडा भाग वरच्या टोकाला अडकला आहे. गोळा खाली धरून तो हळूहळू झटकला की स्तंभ जुळतो.

प्रश्न : आमच्याकडे नऊ वर्षांच्या नोंदी आहेत. ‘सरासरीपेक्षा २३ टक्के जास्त’ असे फलकावर लिहावे का? (मालवण)

‘नऊ वर्षांच्या आमच्या सरासरीपेक्षा’ असे लिहा. हवामान विभाग पावसाच्या दीर्घकालीन सरासरीसाठी १९७१ ते २०२० हा काळ धरतो. त्याच्या तुलनेत १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त म्हणजे सर्वसाधारण, २० ते ५९ टक्के जास्त म्हणजे अधिक. हे शब्द नऊ वर्षांच्या सरासरीला लावू नयेत.

जून ते सप्टेंबरसाठी सरासरी ठीक आहे. मे आणि ऑक्टोबरसाठी मध्यक वापरा. समजा नऊ ऑक्टोबरांचा पाऊस १२, ३०, ४५, ६०, ८५, ११०, १४०, १९० आणि ४८० मिमी आहे. सरासरी १२८ येते, पण नऊपैकी सहा वर्षे तिच्याखाली आहेत. एका वादळी ऑक्टोबरने ती वर ओढली. चढत्या क्रमाने लावून मधला आकडा घेतला तर ८५ मिळतो, आणि भात कापणीच्या वेळी साधारण काय अपेक्षा ठेवावी हे तो जास्त प्रामाणिकपणे सांगतो.

प्रश्न : तीन किलोमीटरवरच्या मापकात आमच्यापेक्षा ४० मिमी जास्त. कोणाचे चुकले? (सावंतवाडी)

कदाचित कोणाचेच नाही. ज्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिमी पडले, त्यात कुलाब्याला ७३.४ मिमी होते. तुमच्याच तालुक्यात आंबोलीचा वर्षाचा पाऊस किनाऱ्यावरच्या गावांच्या दुपटीहून जास्त असतो. एका दिवसाचा फरक सोडून द्या. महिन्याच्या बेरजा चार वर्षे एकाच बाजूला झुकत असतील तर दोन्ही मापकांची जागा आणि मोजपात्रे तपासा.

प्रश्न : शाळेच्या नव्या इमारतीमुळे मापक हलवावा लागणार आहे. वीस वर्षांची नोंद वाया जाईल का? (डहाणू)

वाया जाणार नाही, पण घाई करू नका. नव्या जागी दुसरा मापक बसवा आणि एक पूर्ण पावसाळा दोन्ही रोज मोजा. बांधकाम त्याआधीच सुरू होत असेल, तर निदान जून-जुलै तरी. दोन्ही बेरजांचे गुणोत्तर वहीत लिहा. जुने आकडे जसेच्या तसे ठेवा.

जुन्या नोंदीत असा बदल आधीच होऊन गेला आहे का, हेही शोधता येते. तुमच्या मापकाची वर्षागणिक चढती बेरीज आणि आजूबाजूच्या तीन-चार केंद्रांच्या सरासरीची चढती बेरीज काढा. आलेख कागदावर एक आडव्या अक्षावर आणि दुसरी उभ्या अक्षावर मांडा. बिंदू साधारण सरळ रेषेत आले पाहिजेत. एखाद्या वर्षापासून रेषेचा उतार बदलून पुढे तसाच राहिला, तर त्या वर्षी मापक, पात्र, जागा किंवा मोजणारा बदलला आहे. शेजारच्या केंद्रांचे जुने आकडे हवामान विभागाच्या पुण्यातील विदा केंद्राकडे मागता येतात. महसूल मंडळांचे अलीकडचे दैनिक आकडे कृषी विभागाच्या ‘महारेन’वर आहेत.

प्रश्न : अवकाळी पावसाने मोहोर गेला. मंडळाच्या केंद्रावर पाऊस दिसत नाही, आमच्या बागेतल्या मापकात १४ मिमी आहे. विम्यासाठी आमची नोंद चालेल का? (देवगड)

थेट नाही. हवामान आधारित फळपीक विम्यात भरपाई ठरते ती मंडळासाठी अधिसूचित केलेल्या संदर्भ केंद्राच्या आकड्यांवर. खासगी मापकाची नोंद त्याची जागा घेत नाही.

तरी ती निरुपयोगी नाही. संदर्भ केंद्र त्या दिवशी नीट चालत होते का, हा प्रश्न विचारायला ती आधार देते. त्यासाठी एकट्याचा आकडा अपुरा पडतो. त्याच मंडळातल्या चार-पाच बागांच्या त्याच सकाळच्या नोंदी, मापकाचा आणि वहीच्या पानाचा तारखेसह फोटो, आणि शेजारच्या मंडळांचे आकडे एकत्र जोडून तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या. संदर्भ केंद्राचे त्या दिवसाचे तासागणिक आकडे मागा. पाऊस शून्य पण आर्द्रता रात्रभर शंभराच्या जवळ, अशी नोंद दिसली तर पर्जन्यमापक तुंबल्याची शंका घ्यायला जागा आहे, आणि पाहणीची मागणी करता येते. अर्जाची पोच घ्या. पावसानंतर चार-पाच दिवसांतच हे करा, कारण नरसाळे एकदा साफ झाले की तुंबल्याचा पुरावा राहत नाही.

अशा वेळी वहीत खाडाखोड नसणे फार महत्त्वाचे. चुकलेला आकडा एका रेघेने काटा, बाजूला बरोबर आकडा लिहून सही करा. शाईचे पेन वापरू नका, जुलैच्या दमट हवेत अक्षर पसरते. बॉलपेन किंवा शिसपेन चालते. महिन्याचे पान भरले की त्याचा फोटो काढून दोन ठिकाणी ठेवा, आणि जुन्या वह्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी कपाटात न ठेवता पत्र्याच्या पेटीत ठेवा, म्हणजे वाळवी पोहोचत नाही.